नापिकीच्या वर्षी कापणीचा सण करावा काय?

कोरडवाहू:
सर्वांना सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. बहुतेक घरे कोरडवाहू शेतीवर, नाहीतर दुसऱ्याच्या शेतातील मजुरीवर जगतात. सोयाबीन निघून कापसाची पहिली वेचणी घरात आली, की दरवर्षी एका रविवारी कापणीचा सण होतो; वेदीपुढे धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी मांडली जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. यंदा सोयाबीन सोंगून गंजी लागली आणि नेमके तेव्हाच पावसाने ठाण मांडले. ताडपत्री उचलली तर खालच्या शेंगांना बोटभर कोंब आलेले आणि ढिगातून आंबूस वाफ निघत होती. पऱ्हाटीची खालची बोंडे काळी पडली, वरची उमलली त्यांची कवडी झाली, म्हणजे कापूस फुलून न येता कडक राहिला. आता मंडळीच्या पंचांपुढे प्रश्न असा आहे, की सण करावा की या वर्षापुरता रद्द करावा.

माझे मत स्पष्ट आहे: सण व्हावा आणि नेहमीसारखाच व्हावा. उपकारस्तुती ही उत्पन्नाची पावती नव्हे. बायबलमधील हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो, की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. एकरी उतारा किती आला यावर देवाचा चांगुलपणा ठरवायचा असेल, तर आपण आजवर केलेल्या उपकारस्तुतीला काही अर्थ उरत नाही.

वेचणारी:
कोरडवाहू भाऊ, तुम्ही तिसरा अध्याय सांगितला. पहिलाही सांगावयास हवा होता. त्याच हबक्कूकाचे पुस्तक ‘हे परमेश्वरा, मी कोठवर ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?’ या तक्रारीने सुरू होते. दोन अध्याय देवाशी भांडून झाल्यावर त्याला ते स्तोत्र सुचले आहे. आपण मात्र शोक करणाऱ्याला थेट तिसऱ्या अध्यायात नेऊन बसवतो.

आमच्या शेजारच्या गावातील एका घरी मागच्या वर्षी कर्ता पुरुष कर्जापायी गेला. सांत्वनाला गेलेल्यांपैकी दोघांनी त्याच्या बायकोला रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन वाचून दाखवले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात. ती त्या वेळी लेकराला भात भरवत होती. तिने ताट बाजूला सारले, उठून आत गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. वचन खोटे आहे असे मी म्हणत नाही; पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने स्वतः मार खाऊन, तुरुंग भोगून लिहिले, आणि वाचणारे जेवून आले होते.

बायबलमधील ईयोबाची लेकरे आणि संपत्ती गेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. नंतर ते देवाची बाजू मांडू लागले, आणि शेवटी देवाचा क्रोध ईयोबावर नाही, त्यांच्यावरच भडकला. तेव्हा या वर्षी त्या रविवारी विलापाची उपासना व्हावी, स्तोत्र अठ्ठ्याऐंशी वाचले जावे. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

जुना मास्तर:
ताईंचे म्हणणे मला पटते, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. विलापाला जागा हवीच. मात्र विलाप आणि उपकारस्तुती यांतून एक निवडा, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्या दारात कोणी गाऱ्हाणे नेत नाही. स्तोत्र अठ्ठ्याऐंशीचा कर्ताही पहिल्याच ओळीत देवाला ‘माझ्या उद्धारक’ म्हणून हाक मारतो. मंडळी नुसते रडून घरी गेली तर रडण्याने मोकळे वाटेल, आधार मिळणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. दुष्काळातील भटकंतीत त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली होती, ऐन तारुण्यात नवराही गेला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच बाजूला, आल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. उतारवयात, १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. दुष्काळ देवाने का पाठवला, याचे उत्तर त्यांच्याजवळ असेल असे मला वाटत नाही. देव चांगला आहे हे धरूनच त्या कामाला लागल्या.

फरदड:
मी मंडळीत वाढलो, आता उपासनेला क्वचित जातो, म्हणून बोलण्याचा अधिकार कमी असेल, तरी बोलतो. पीक आले तर देवाने दिले, आणि गेले तर त्याची काही गूढ योजना, असा एकतर्फी हिशेब कोणत्या सावकाराच्या वहीतसुद्धा चालणार नाही. रमाबाईंचे काम थोरच आहे, पण ते माणसाचे काम आहे. त्याचे श्रेय देवाला देता, तर दुष्काळाचे का देत नाही?

शिवाय ‘परीक्षा’ म्हणून सोडून दिले, की कारणे शोधायचे राहून जाते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपला कापूस खाल्ला, त्यात परीक्षा कसली? बीटीला, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच असलेल्या कापसाला, ती अळी सोकावली होती. तसे होऊ नये म्हणून बियाण्यासोबत मिळणाऱ्या बिगरबीटीच्या पुड्या आपणच लावल्या नाहीत, आणि दोन क्विंटलच्या लोभाने फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी, उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवून अळीला बारमाही जेवण आपणच घातले. (माझे हे नाव त्यावरूनच आहे.) त्याच खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, त्यांच्या नाकातोंडाला साधे फडके होते. तेथे प्रार्थनेआधी हातमोजे आणि मास्क हवे होते. सण करा, पण त्या दिवशी पीकविम्याचे अर्जही भरून घ्या.

कोरडवाहू:
फरदड भाऊ, अधिकाराचा प्रश्नच नाही; तुमचे आजोबा या मंडळीत कीर्तन करीत असत, ही जागा तुमचीही आहे. बोंडअळीबद्दल तुम्ही म्हणता ते सारे खरे आहे, आणि आपल्या चुकीला देवाची परीक्षा म्हणणे हा कांगावाच होय. पण यंदाच्या पावसात आमच्यापैकी कोणाची चूक नव्हती, म्हणून तुमच्या उत्तराने माझा प्रश्न अर्धाच सुटतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा पापी होती काय, असे विचारून प्रभू येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटले. मात्र बुरूज का पडला हे सांगितले नाही. ते आम्हालाही सांगता येत नाही.

हिशेबाचे म्हणाल, तर तो आम्ही शेतात मांडतच नाही. ख्रिस्ती माणूस देवाचा चांगुलपणा वधस्तंभावर पाहतो, आणि तेथे तर खुद्द पुत्रच ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे ओरडला. ज्या देवाने ते ओरडणे स्वतःच्या तोंडी घेतले, तो आमच्या बांधावरून पाठ फिरवून गेला, असे मला मानता येत नाही. याला पुरावा म्हणत नाही. मी याच्यावर उभा आहे, इतकेच.

वेचणारी:
हे तुम्ही त्या रविवारी याच शब्दांत बोललात, तर माझी अर्धी हरकत गेली. उरलेली अर्धी लिलावाची आहे. तुम्ही ‘नेहमीसारखाच’ म्हणता. नेहमी काय होते हे पुरुषांच्या बाकांवरून दिसत नाही. एका भोपळ्याची बोली नोकरीवाले घर पाचशेपर्यंत नेते, टाळ्या पडतात, आणि मागच्या चटईवरील बाया पदराची गाठ चाचपत राहतात. ज्यांच्या घरी कोंब आलेले सोयाबीनच आहे त्या यंदा येणारच नाहीत. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकाने परमेश्वराने दिलेल्या मानाने आणावे असे आहे. कमी मिळाले त्याने कमी आणावे आणि त्याची लाज वाटू नये. ‘लेवीय’ या पुस्तकात तर शेताचे कोपरे गरिबासाठी सोडायला सांगितले आहे. मग या वर्षी वेदीपुढचे धान्य विकण्याऐवजी त्याच दिवशी वाटून टाकावे.

जुना मास्तर:
वाटणे उत्तमच, पण पाळकसाहेबांच्या पगाराची मोठी रक्कम याच लिलावातून निघते, हेही पंचांना पाहावे लागेल. त्यांच्या घरीही चूल आहे.

कोरडवाहू:
मास्तर म्हणतात ती अडचण खरी आहे, म्हणून लिलाव पूर्ण बंद करण्यास माझा विरोध कायम राहील. धान्य वाटावे, कोंबड्या आणि भाजी तेवढी लिलावात ठेवावी आणि बोली लावणाऱ्याचे नाव पुकारू नये, असे मी मांडतो. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी आधी, हबक्कूक नंतर. आणि फरदड भाऊ, विम्याच्या अर्जांसाठी टेबल लागलेच, तर त्यावर बसण्यास तुम्ही यावे.

फरदड:
येईन. मात्र भाषण देणार नाही, आणि माझ्यासाठी उभे राहून प्रार्थना करू नये. सातबारा आणि बँकेचे पासबुक प्रत्येकाने सोबत आणावे, हे आदल्या रविवारीच सांगून ठेवा.