लेव्हल १ चं रॉकेट: किटमधलं पॅराशूट आणि दोरी ठेवू की बदलू?

रविवारचा_उद्योग

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात अर्वाईनला असतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. लहानपणी बाटलीत बाण उभा करून लावला म्हणून आजोबांचा मार खाल्ला होता. ती हौस त्रेचाळिसाव्या वर्षी परत उफाळून आली आहे. दोन वर्षं सी-डी मोटरची लहान रॉकेटं उडवली (अक्षर पुढचं तशी मोटर मोठी), आता ट्रायपोली या रॉकेटवाल्यांच्या संघटनेच्या लेव्हल १ साठी, म्हणजे मोठ्या मोटरच्या पहिल्या परीक्षेसाठी, प्रयत्न करायचा आहे. जागा लुसर्न ड्राय लेक, वाळवंटातलं कोरडं तळं, घरापासून दोनेक तास.

रॉकेट किटचं आहे. ४ इंच व्यासाची पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, प्लॅस्टिकचं नाक, उंची ५ फूट. मोटर एरोटेकची एच१३५, २९ मिलिमीटरवाली, एकदा वापरून फेकायची. मोटरसकट वजन दीड किलो भरतं. सिम्युलेशन १५०० फूट उंची दाखवतंय. वेगळी इलेक्ट्रॉनिक्स नाही, मोटरमधल्या दारूनेच नाक उडून पॅराशूट बाहेर यायचं.

वर जाण्याची काळजी नाही, खाली येण्याची आहे. किटमध्ये ३६ इंची सपाट नायलॉनचं पॅराशूट आणि १० फूट केव्हलारची दोरी आली आहे. एक जण म्हणतो पॅराशूट मोठं घे, दुसरा म्हणतो मोठं घेतलंस तर रॉकेट आणायला पुढच्या गावात जाशील, तिसरा म्हणतो चूट रिलीज (पॅराशूट ठरल्या उंचीवर उघडणारं यंत्र) घेतल्याशिवाय उडवूच नकोस. सगळ्यांचं ऐकून कार्टमध्ये दोनशे डॉलरचा माल जमलाय आणि बायको विचारतेय की रॉकेट तरी एवढ्याचं आहे का. यातलं नक्की काय लागतं?

लेथवाला

कार्ट आधी रिकामी करा, मग बोलू.

माझी हयात पिंपरीत टूलरूममध्ये गेली, आता लेकीकडे रिव्हरसाइडला असतो आणि तुमच्याच तळ्यावर उडवतो. माझा लेव्हल १ चा पहिला प्रयत्न नापास झाला. कसा, ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

पॅराशूट मी त्या काळातलं सगळ्यात महाग घेतलं होतं, शिलाई बघत बसावी असं. मात्र आत, मोटरच्या नळीवरच्या प्लायवूडच्या चकतीत दोरी बांधायचा जो आयबोल्ट लावला तो घरातल्या डब्यातला. तार वाकवून गोल केलेला, टोक जोडलेलं नाही, फट राहिलेली. तीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाने तो लावला, यावर आमचे जावई अजून हसतात. रॉकेट छान गेलं, वर नाक सुटलं, दोरी ताणली गेली आणि बोल्ट उलगडला. नाक आणि पॅराशूट वाऱ्यावर मजेत निघून गेले. उरलेली नळी पंखांसकट तळ्यावर येऊन आपटली. लुसर्नची जमीन म्हणजे भाजलेली वीट. नळीला हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. पॅराशूट अर्ध्या मैलावर सापडलं, नवं कोरं.

तो बोल्ट माझ्या टेबलाच्या खणात आहे. आधी मराठी १ सारखा होता, आता नुसता आकडा.

म्हणून माझा हिशेब असा: पॅराशूट फाटून रॉकेट पडलेलं मी अजून बघितलेलं नाही. सुटून पडलेली खूप बघितली आहेत. पैसा आणि लक्ष आधी सांध्यांवर घाला. आयबोल्ट घडीव किंवा वेल्ड केलेला, क्विक लिंक (दोरी जोडायची, नटाने बंद होणारी कडी) आट्याची, स्टेनलेसची, आठवा इंच जाडीची चालेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, रॉकेटच्या दुकानातून मागवायची गरज नाही. चावीच्या जुडग्याला लावतात तसली शोभेची कॅरॅबिनर नको. प्लॅस्टिकच्या नाकाला साच्यातच ओतलेली कडी असते, तिच्यावर एवढं वजन टांगू नका. नाकाच्या बुडाला भोक पाडून तिथेही आयबोल्ट बसवा, आतून मोठा वॉशर.

आता दोरी. १० फूट आखूड आहे. रॉकेट ५ फुटी, तर निदान १५, आणि मी २० घेतो. दारू उडाली की नाक आणि नळी एकमेकांपासून जोरात पळतात. दोरी लांब असेल तर हवेने त्यांचा वेग टोकाला पोचेपर्यंत मरतो. आखूड असेल तर पूर्ण जोराचा झटका चकतीवर. केव्हलार सहज जळत नाही म्हणून मोटरच्या बाजूला तीच हवी, पण ती ताणत नाही, आणि बारीक असेल तर नळीच्या काठावर करवतीसारखी चालते. पुढचा भाग मी पोकळ नायलॉनच्या पट्टीचा ठेवतो. आपल्या पायजम्याच्या नाडीची थोरली बहीण म्हणा. ती थोडा झटका पिते. गाठीपाशी दोरीची ताकद बरीच घटते, म्हणून शिवलेले फासे मिळाले तर तेच घ्या.

पॅराशूटचा आकडा मांडू. मोटर जळून गेल्यावर १.४ किलो धरा. लुसर्न समुद्रसपाटीपासून साधारण २८०० फुटांवर, हवा थोडी विरळ. तुमचं ३६ इंची सपाट पॅराशूट यावर सेकंदाला ७ मीटरने उतरवेल. ४२ इंची ६ मीटरने, ५० च्या आसपासचं ५ मीटरने. कानाला फरक किरकोळ वाटतो. पण ७ मीटर म्हणजे अडीच मीटर उंचीवरून सोडल्यासारखं, माळ्यावरून. ६ म्हणजे फ्रिजवरून. ५ म्हणजे सव्वा मीटर, ओट्यापेक्षा थोडं वरून. माळ्यावरून विटेवर पडलं तर पुठ्ठ्याच्या रॉकेटचा एक पंख हमखास हलतो, आणि पास व्हायला रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत टेबलावर आणून दाखवावं लागतं.

मग ५० इंची का नाही? वारा. १५०० फुटांवरून ६ मीटरने उतरायला सव्वा मिनिट लागतं. ताशी १० मैल वारा असेल तर तेवढ्यात साडेतीनशे मीटर वाहत जाईल. १५ मैलांचा असेल तर पाचशे. तळं मोठं आहे, तरी उन्हात पाचशे मीटर जाऊन येणं या वयात पुरे होतं. तर ४२ घ्या. सकाळी लवकर उडवा, दुपारी तिथे वारा उठतो.

शिलाई_मशीन

लेथवाले काका म्हणतात ते बरोबर, फक्त एक जोडते. त्यांचे इंच सपाट पॅराशूटचे आहेत. घुमटाकार, पाकळ्या शिवून केलेल्या पॅराशूटला त्याच व्यासात हवा जास्त अडते. सपाटचा ड्रॅगचा आकडा ०.७५ धरतात, चांगल्या घुमटाचा १.५ पर्यंत जातो. म्हणजे ३० इंची घुमटसुद्धा सपाट ४२ चं काम करतो. त्यामुळे दुकानात इंच बघून घेऊ नका, अमुक वजनाला अमुक वेग असा तक्ता दिलेला असतो तो बघा.

मी माझी पॅराशूटं स्वतः शिवते आणि मला विचाराल तर कापडापेक्षा घडी महत्त्वाची. ज्यांनी नऊवारी नेसवली आहे त्यांना लगेच कळेल. पाकळ्या एकावर एक आणायच्या, निऱ्या घ्याव्यात तशा, सगळ्या दोऱ्या एका बाजूला, एकीतही दुसरी अडकलेली नाही. मग लांबीत दुमड. दोऱ्या पॅराशूटभोवती गच्च गुंडाळू नका, तिथेच घात होतो. मी त्या आतल्या घडीत नागमोडी ठेवते. शेवटी नोमेक्सच्या, म्हणजे आग न धरणाऱ्या कापडाच्या, फडक्यात सुरळी करून नळीत सोडायचं, फडक्याची बाजू मोटरकडे. हातातून सोडल्यावर आपल्या वजनाने सरकलं पाहिजे. ढकलावं लागलं तर उलगडा, परत घडी घाला.

लांब दोरीची पण घडी हवी, नाहीतर ती नळीत गोळा होऊन पॅराशूटला मिठी मारते. वीत-वीत नागमोडी करून मधे मधे कागदी चिकटपट्टीचा एकच वेढा. झटका आला की ते वेढे एकेक करून तुटतात आणि जोर खातात.

नोमेक्स असलं तरी त्याच्याखाली मूठभर सेल्युलोज टाका, घराच्या भिंतीत भरतात ते. इथले लोक त्याला डॉग बार्फ म्हणतात. अर्थ मी सांगणार नाही, जेवायची वेळ आहे.

भोसरीचा_बाण

मी पुण्यात इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये. तुम्ही लोक दुकानातून एच मोटर आणता हे वाचूनच जीव जळतो, इथे तसं होत नाही. पण चूट रिलीजबद्दल मला वाटतं की घ्यावी. पॅराशूटच्या घडीभोवती रबरबँडने बसते, हवेचा दाब मोजते आणि १०० ते १००० फुटांपैकी जी उंची लावाल तिथे रबर सोडते. वरून रॉकेट दोन तुकड्यांत लोळत खाली येतं आणि ३०० फुटांवर पॅराशूट उघडतं. मग मोठं लावलं तरी वाहत जात नाही. तुमचा माळा-फ्रिजचा प्रश्नच मिटला.

लेथवाला

भोसरीकर, यंत्र चांगलं आहे, माझ्याकडेही आहे. पण १५०० फुटांना आणि तेही परीक्षेच्या दिवशी? चालू करायचं विसरलं की संपलं, आणि त्या दिवशी माणूस काहीही विसरतो. ३००० फुटांवर जाल तेव्हा घ्या.

त्यापेक्षा वेळ डिलेवर घालवा, म्हणजे मोटर विझल्यापासून नाक उडवणारी दारू पेटेपर्यंतच्या सेकंदांवर. एच१३५ चा डिले १४ सेकंदांचा येतो आणि हत्याराने पोखरून दोन-दोन सेकंदांनी कमी करता येतो. मोटर विझल्यापासून रॉकेट अगदी वर पोचेपर्यंत किती सेकंद, ते सिम्युलेशनमध्ये बघा. वजन काट्यावर करून टाका, किटच्या कागदावरचं नको, रंग आणि इपॉक्सीचंही वजन असतं. चुकीच्या प्रत्येक सेकंदामागे वेगात सेकंदाला जवळजवळ १० मीटरची भर. तीन सेकंद चुकलात तर पॅराशूट ताशी शंभर किलोमीटरला उघडणार. तेव्हा दोरी पुठ्ठ्याची नळी बॅगेची चेन उघडावी तशी वरून खाली चिरत जाते. सगळे झिपर म्हणतात ते हेच. ४२ इंची असो की सोन्याचं असो, पॅराशूट काही करू शकत नाही.

आणि नाक किती घट्ट? रॉकेट नाकाला धरून उचला, खालचा भाग लटकून राहिला पाहिजे. मग हलकाच झटका द्या, सुटलं पाहिजे. सैल असेल तर कागदी पट्टीचा तुकडा. हे घरी केलंत तरी तळ्यावर परत करा, सकाळच्या गारव्यात पुठ्ठा आणि प्लॅस्टिक सारखे वागत नाहीत. नळीला पॅराशूटच्या जागी ३ मिलिमीटरचं एक भोक आहे ना? वर जाताना बाहेरची हवा विरळ होते, आतली कोंडलेली हवा नाक अवेळी ढकलते.

रविवारचा_उद्योग

मंडळी, धन्यवाद. काल रात्री टॉर्च घेऊन नळीत डोकावलो. लेथवाल्यांनी वर्णन केलेला बोल्ट माझ्याच रॉकेटमध्ये बसलाय! वाकवलेल्या तारेचा, दीड मिलिमीटरची फट. चकती इपॉक्सीने पक्की झाली आहे, ती आता निघत नाही. फटीत स्टीलवाली इपॉक्सी भरली तर चालेल का?

भोक नव्हतं, पाडलं. वजन काट्यावर १.६२ किलो निघालं, दीड नाही.

लेथवाला

इपॉक्सी भरून मनाचं समाधान होईल. ओढ बसली की ती टवका होऊन बाहेर येईल. मागचा नट कसा आहे? चकतीत ठोकलेला दातेरी नट असेल तर तो जागेवर राहतो आणि बोल्ट पुढून निघतो. लांब सळईच्या टोकाला आकडा करा, बोल्टच्या गोलात अडकवा आणि डावीकडे फिरवा.

१.६२ ला डिले परत काढा. वजन वाढलं म्हणजे उंची कमी, आणि वेळही बदलणार. पॅराशूट मोटर जळाल्यावरच्या दीड किलोला बघा, ४२ वर सव्वासहा मीटरच्या आत उतरतं, चालेल.

रविवारचा_उद्योग

निघाला! कपड्याच्या हँगरची तार सरळ केली, ती वाकली. मग पडद्याच्या रॉडला आकडा जोडला आणि तिसऱ्या प्रयत्नात हलला. पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा. त्याच मापाचा घडीव आयबोल्ट आणला, आट्यांना लॉकिंगचा निळा द्रव लावून बसवला आणि आडव्या काठीने आवळला. नंतर दोरी बाल्कनीच्या कठड्याला बांधून अख्खं रॉकेट टांगलं आणि खालून मुलीला लोंबकळायला सांगितलं. ती दहा किलोचा जोर देऊन कंटाळली.

४२ इंची सपाट मागवलं, २० फूट दोरी, नोमेक्स, दोन क्विक लिंक. चूट रिलीज कार्टमधून काढली. नवीन वजनाला सिम्युलेशन मोटर विझल्यावर पावणेआठ सेकंद म्हणतंय, म्हणजे १४ मधून ६ काढून ८. निऱ्यांचा सराव दिवाणखान्यात चालू आहे. सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या, आज त्यांनी माझ्या हातातून पॅराशूट घेतलं.

शिलाई_मशीन

त्यांनाच तळ्यावर घेऊन जा.

लेथवाला

क्विक लिंकचा नट बोटांनी नाही, पान्याने आवळायचा. पॅडवर जायच्या आधी, दोन्हीचा.