मोठं चित्र प्लायवर की कॅनव्हासवर?

दांडियाबाजारकर:
तीन वर्षांपूर्वीचं ६ बाय ४ फुटांचं तेलरंगातलं चित्र काल भिंतीवरून उतरवलं आणि जीव जळाला. वरच्या डाव्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक भेगा, एकात एक गोल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मागून कुणाचं तरी कोपर लागलं असणार. शिवाय आपल्या बडोद्यात पावसाळाभर कॅनव्हास पोटासारखा सुटतो आणि मे महिन्यात ढोलकीसारखा ताठतो. वाळलेल्या तेलरंगानं हे किती वर्षं सोसायचं? माझं ठरलंय. यापुढे मोठं काम, पुढचं ८ बाय ६ चं चित्रसुद्धा, प्लायवरच. ७१० मार्काचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, १२ मिमी प्लाय, मागे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंना आणि कडांना प्राइमर. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली चित्रं बघा, भिंतीवर आहेत म्हणून अजून आहेत. भिंत हलत नाही, रंग तडकत नाही.

जिनेवाले काका:
भिंत हलत नाही हे खरं, पण ती प्रदर्शनालाही जात नाही! नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघायची तर आपणच कीर्तिमंदिरात जायचं. तुझं चित्र मुंबईला जायचं असेल तर? ८ बाय ४ चा १२ मिमी प्लाय वीस-बावीस किलोचा. तुला ८ बाय ६ करायचं म्हणजे दोन शीट जोडणार, वर सांगाडा. टेम्पोवाला आधी तुझं तोंड बघेल, मग भाडं सांगेल. आणि रविवर्म्याची पौराणिक चित्रं फत्तेसिंग संग्रहालयात आहेत ती कशावर? कॅनव्हासवर. शंभर वर्षं उलटून गेली.

दांडियाबाजारकर:
काका, त्यांच्यामागे राजवाडा उभा होता. माझ्यामागे गळका माळा आहे.

चौकटबाई:
अरे, भांडण कापडाशी नाहीच. तीन प्रश्नांची उत्तरं दे. चौकटीची पट्टी किती जाड होती, मधे आडवी पट्टी होती का, आणि पाठ झाकली होतीस का?

दांडियाबाजारकर:
पाऊण इंची, तयार मिळते ती. आडवी नव्हती. पाठ उघडीच. कापडाला आधी सरस, वर तयार प्राइमर.

चौकटबाई:
मग बरोबर! सरस हवेतलं पाणी पितो आणि सोडतो. तुझं पोट सुटणं आणि ढोलकी होणं बरचसं त्याचंच. त्याऐवजी ॲक्रिलिक माध्यमाचे दोन हात दिले की कापड झाकलं जातं. ते झाकावंच लागतं, जवसाचं तेल सरळ धाग्यात उतरलं की काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. सहा फुटांना पाऊण इंच पट्टी म्हणजे ताणाबरोबर ती आत वाकणारच. दीड ते दोन इंच जाडी घे, आतली कड उतरती करून घे म्हणजे कापड पट्टीला टेकत नाही, नाहीतर पुढून पट्टीची रेघ उमटते. कोपऱ्यांत पाचरी ठेव, सैल पडलं की हलक्या हातानं ठोकायच्या. आणि पाठीला ३ मिमीचा पातळ प्लाय नाहीतर पन्हाळीची प्लास्टिक शीट स्क्रूनं लाव. कोपर आलं तर त्याला लागेल, चित्राला नाही. प्लाय हवाच असेल तर तिथे लाव, म्हणजे तुझाही हट्ट राहिला.

वाळवीग्रस्त:
प्लायचे गोडवे गाणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात आलं. जमिनीला टेकवून ठेवलेल्या स्वस्तातल्या प्लायच्या खालच्या कडा पुरीसारख्या फुगल्या, थर सुटले. कॅनव्हास खिळ्याला होते, वाचले. (आता सगळंच खिळ्याला टांगतो.)

दांडियाबाजारकर:
तो साधा प्लाय असणार, मी ७१० म्हणतोय. आणि पाण्यात ठेवलेला कॅनव्हास काय हसत बाहेर आला असता?

पाटीवाला:
दोघंही जुने झालात. बोर्ड बनवणाऱ्याकडून एसीपी शीट घ्या, ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक. फुगत नाही, वाळवी लागत नाही, प्लायपेक्षा हलकं. पत्रा घासून धातूचा प्राइमर मारा, वर ॲक्रिलिकचे तीन हात.

चौकटबाई:
नीट घासलं नाहीत तर सोलून निघतं, ते सांगायला विसरलात. आणि कोपरा एकदा दबला की दबला. पत्र्याला पाचर नसते.

जिनेवाले काका:
हे सगळं ठीक. पण तुझ्या माळ्याचा जिना मोजलास का रे? कॅनव्हास चौकटीवरून सोडवून, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळावर गुंडाळता येतो. प्लाय कसा गुंडाळणार?

दांडियाबाजारकर:
मोजून आलो. २८ इंच, आणि मध्ये काटकोनात वळण. ८ बाय ६ चा सलग फळा खाली येणं शक्य नाही. ४ बाय ६ चे दोन करतो. प्लायवरच.

जिनेवाले काका:
आणि मधला सांधा?

दांडियाबाजारकर:
दिसू दे. जोडचित्र म्हणून नाव देतो, दोन इंच फट ठेवूनच टांगतो. पाठ मात्र ताई, जुन्या चित्राची उद्याच झाकतो.