मदत हवी आहे: पडवीतला सागवानी झोपाळा झडीनं भिजला, जुनं पॉलिश न घालवता साफ कसा करू?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. पडवीत आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा. आई-बाबा आमच्याकडे पुण्याला आल्यापासून घर बहुतेक बंदच असतं. दरवर्षी मेअखेर शेजारचे काका पडवीला झापं बांधून द्यायचे, यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते राहून गेलं. पश्चिमेची झड चार महिने थेट झोपाळ्यावर. दसऱ्याला कुलूप उघडलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

समुद्राकडच्या अर्ध्या भागावर पांढुरके, धुरकट डाग आहेत. खालच्या अंगाला हिरवट-काळी बुरशी. चारपैकी दोन कड्या बाबांनी मागे कधीतरी लोखंडी बसवल्या होत्या, त्यांच्याभोवतीचं लाकूड शाई सांडल्यासारखं काळं झालंय. पितळी कड्यांपाशी मात्र काही नाही.

माझ्याकडून एक चूक झाली आहे. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तारेच्या घासणीनं एक कोपरा घासला. बुरशी गेली, पण पॉलिश चिकट होऊन घासणीबरोबर निघून आलं आणि लाकडावर आडवे ओरखडे पडले. लगेच थांबलो.

गावातला पॉलिशवाला म्हणतो, मशीन फिरवून सगळं खरवडतो आणि मेलामाइन मारून नव्यासारखा करून देतो. आईला नव्यासारखा नकोच आहे. डाव्या कडेला आजी वाती वळत बसायची, तिथली कड तिच्या हातानं गोल आणि काळसर गुळगुळीत झाली आहे. ती गेली तर झोपाळा आमचा राहणार नाही. भाचा प्रेशर वॉशरनं धुवू म्हणतो, पण तशी धुतलेली सागवानी बाकं मी पाहिली आहेत. मऊ रेषा उडून जातात आणि लाकूड हाताला करवतीसारखं लागतं. कुणी जवसाचं तेल चोळायला सांगतंय.

हे पॉलिश नेमकं कसलं असेल? पांढरे डाग पॉलिशमध्ये आहेत की लाकडात? आणि लोखंडाचे काळे डाग काढायला गेलो तर भोवतालचं पॉलिश वाचेल का? दिवाळीला चार दिवस तिथे असेन, तेव्हा हाती घेता येईल.

*

प्रतिसाद:

सोड्यानं चिकट झालं म्हणजे बहुधा लाखेचं, स्पिरिटमधलं पॉलिश आहे. खात्री करायला फळीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट टेकवा. बोटाला चिकट लागलं तर लाखच. तसं असेल तर तुमचे पांढरे डाग लाकडात नाहीत, ओल पॉलिशच्या थरात अडकली आहे.

आधी झोपाळा उतरवून सावलीत, वाऱ्यावर चांगला वाळू द्या. घाई इथेच करू नका, नुसत्या वाळण्यानंच बरेच डाग फिके होतात. बुरशी तोंडाला फडकं बांधून कोरड्या ब्रशनं झाडा, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात कापड भिजवून, घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरडं करा. उरलेल्या पांढऱ्या डागांवर स्पिरिटनं जेमतेम दमट केलेलं सुती कापड एका दिशेनं, न थांबता, अगदी हलकं फिरवा. हात थांबला की कापड चिकटेल. जवळ दिवा, उदबत्ती नको.

जवसाचं तेल नको. ते लाखेत मुरत नाही, वर चिकट राहतं आणि ओलसर हवेत बुरशीला खाऊच मिळतो. शिवाय तेलाचे बोळे गोळा करून टाकले तर आपोआप तापून पेट घेतात. मेलामाइन घरातल्या फर्निचरसाठी ठीक, झड लागते तिथे ते टिकत नाही.

काळे डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं जातात, पण उघड्या लाकडावरूनच, म्हणजे तेवढं पॉलिश काढावंच लागेल. विषारी आहे, हातमोजे घाला. मी असतो तर कड्या पितळी करून डाग तसेच ठेवले असते. घासलेल्या कोपऱ्यावर बारीक पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनं फिरवा आणि लाखेचे पातळ हात द्या, नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते.

*

धागाकर्ता:

मनापासून आभार. काल रविवारी जाऊन आलो. स्पिरिटचा बोळा चिकटला, लाखच आहे. झोपाळा उतरवून माजघरात दोन स्टुलांवर ठेवलाय, काकांचा मुलगा रोज खिडक्या उघडणार आहे. पितळी कड्या चिपळूणला बघतो. काळे डाग राहू देत, असं आईच म्हणाली.

आता एकच विचारायचं आहे: घासलेला कोपरा बाकीच्या फळीपेक्षा बराच फिका दिसतोय. लाखेत रंग मिसळून द्यावा, की आधी लाकडाला रंग देऊन वर लाख मारावी?