गृहकर्ज वीसऐवजी आठ वर्षांत फेडायचं: शहाणपण की घरच्यांवर जुलूम?

शाहूपुरीकर (सातारा)

परवा मेहुणा आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "दाजी, पोरांना कुठं फिरवत नाही, ताईला कधी हॉटेलात नेत नाही, सगळं नेऊन बँकेत घालताय. मॅनेजरनं तुमचा फोटो लावला असेल केबिनमध्ये." त्याला म्हटलं, वेळेआधी कर्ज फेडणाऱ्याचा फोटो कुठलीच बँक लावत नाही. तिचं व्याज बुडतं. तो हसला, पण विषय डोक्यात राहिला, म्हणून इथं मांडतोय.

आधी हिशेब बघा. 2019 साली फ्लॅटसाठी 25 लाख काढले. दर साडेआठच्या आसपास, मुदत 20 वर्षं, हप्ता 21,700. पहिल्या हप्त्यातले 17,700 व्याजात गेले आणि मुद्दल हललं जेमतेम चार हजारांनी. असंच चालू ठेवलं असतं तर 25 लाखांवर 27 लाख व्याज. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, महिन्याला 36 हजार भरायचे. त्या वेगानं कर्ज आठ वर्षांत संपतं आणि व्याज साडेनऊ लाखांत आटोपतं. म्हणजे साडेसतरा लाखांचा फरक. मधल्या काळात दर खालीवर झाले, पण ढोबळ चित्र हेच.

वरचे चौदा हजार येतात कुठून? कार घेतली नाही, दुचाकी आणि एसटीवर भागवतो. मुलं मराठी माध्यमात. वर्षाचं धान्य भरून ठेवतो, दिवाळीचा फराळ घरी. बोनस आणि पगाराचा फरक आला की थेट कर्जात. फिरायचं म्हणाल तर फुलांच्या दिवसांत डबा घेऊन कास, गावची जत्रा, मे महिन्यात मामाचं घर. पोरांचं यात नक्की काय अडलं, हे मला कुणीतरी सांगावं.

'कर वाचतो म्हणून कर्ज ठेव' असं पूर्वी ऑफिसात सगळे सांगायचे. आता नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत करच नाही, आणि राहत्या घराच्या व्याजाची सूटही तिथं मिळत नाही. तो मुद्दा निकालात निघाला. माझं म्हणणं एवढंच, की चाळिशी ओलांडताना घर मोकळं असलं म्हणजे साहेबासमोर मान खाली घालून उभं राहावं लागत नाही. एमआयडीसीतली कंपनी कधी शटर ओढेल सांगता येत नाही. कास दरवर्षी फुलतंय, नोकरीचं तसं नसतं.

आयर्विनखालचा (सांगली)

भावा, हिशेब बरोबर, पण तुझ्या कागदावर नदी नाही.

थोरल्या भावाचं घर शामरावनगरला, तळमजला. तोही तुझ्यासारखाच. 2019 च्या जूनमध्ये साठलेले तीन लाख उचलून कर्जात भरले. पेढे वाटले. ऑगस्टात पाणी आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. फ्रीज, कपाटं, गाद्या, वायरिंग, पोरांची पुस्तकं, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर भिंतीला हात लावला की प्लास्टर हातात यायचं. आणि खिशात? काही नाही. बँकेत गेला तर म्हणे टॉप-अपसाठी, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्जासाठी, अर्ज करा, कागदपत्रं आणा. कागदपत्रं वाळत घातलेली गच्चीवर! शेवटी वहिनीच्या पाटल्या ठेवून सोनेतारण काढलं, गृहकर्जापेक्षा चढ्या व्याजानं.

कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही, हा मुद्दा आहे. 2021 ला परत पाणी आलं, पण तोवर त्यानं सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवला होता. आता त्यालाच विचार, आधी काय करायचं ते.

पुण्यात_सध्या_मूळचा_वाईचा

हे 1990 चं गणित आहे, सर. तेच 14,300 दरमहा इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका आणि कर्ज चालू द्या 20 वर्षं. 12 टक्के धरले तर 1 कोटी 43 लाख होतात. तुमच्या पद्धतीनं आठ वर्षांत कर्ज संपवून पुढची बारा वर्षं पूर्ण 36 हजार गुंतवले तरी 1 कोटी 16 लाख. सत्तावीस लाखांचं नुकसान करून वर अभिमान कसला?

निवृत्त_शाखाधिकारी (कराड)

12 टक्के तुम्हाला कोणी स्टँपवर लिहून दिलेत काय? 10 धरा, तोच फरक 27 वरून नऊ-दहा लाखांवर येतो. त्यात 1.25 लाखांवरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर. आणि मी काउंटरच्या आतून तीस-एक वर्षं माणसं बघितली. शेअर बाजार पडला की एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहाची गुंतवणूक, बंद करायला येणारे पहिले कोण, ते मला माहीत आहे. कर्जाचा हप्ता बंद करता येत नाही, म्हणूनच तो भरला जातो.

पण शाहूपुरीकर, तुमच्याकडूनही एक बाब लिहायची राहिली. जादा रक्कम भरताना बँकेला लेखी द्यायचं की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी होतो आणि फायदा निम्माही उरत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) 4 वरून 6.5 वर गेला, तेव्हा बऱ्याच बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. लोकांना वाटलं काही झालंच नाही. स्टेटमेंट काढल्यावर कळलं, निवृत्तीनंतरही हप्ते आहेत! ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. 2025 च्या अखेरीस रेपो सव्वापाचवर आला. तुमचा दर तेवढा उतरलाय का ते बघा. जुनं कर्ज एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या जुन्या दरावर) अडकलेलं असेल तर थोडं शुल्क भरून रेपोशी जोडून घ्या. पोटाला चिमटा न काढता इथं एका अर्जात बरेच पैसे सुटतात.

फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, हेही अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

मिरजेची_सून

सगळे पुरुष टक्केवारीवर भांडतायत. मी मूळ पोस्टमध्ये वेगळंच शोधत होते. ही काटकसर करतं कोण?

"दिवाळीचा फराळ घरी." तीन शब्दांत लिहून मोकळे झालात. फराळ घरी म्हणजे भाजणी भाजायची, गिरणीतून दळून आणायची, नोकरीवरून आल्यावर स्वयंपाक उरकून रात्री अकरापर्यंत चकल्या पाडायच्या. पहिला घाणा मऊ पडला की तेलाच्या मोहनाला शिव्या. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका किलोवर चकली देतात. सगळ्या फराळात मिळून वाचणार हजार-बाराशे रुपये. त्या रात्रींची किंमत तुमच्या 36 हजारांच्या कुठल्या रकान्यात येते?

"वर्षाचं धान्य." गच्चीवर गहू उन्हात कोण घालतं? तांदळाला बोरिक पावडर कोण चोळतं? ढग आले की ऑफिसातून फोन करून शेजारच्या काकूंना "जरा पोती आत ओढा हो" कोण म्हणतं?

आमच्या घरी कर्ज लवकर फेडायचं ठरलं तेव्हा पहिली कात्री भांडीवाल्या मावशींना लागली. दुसरी माझ्या पार्लरला. ह्यांच्या मित्रांबरोबरच्या शनिवारच्या 'बसण्याला' शेवटपर्यंत लागली नाही. पार्ट पेमेंट झालं की सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमच्या बाळ्यानं एवढं भरलं."

कर्ज फेडायला माझा विरोध नाही. मलाही डोक्यावर बोजा नको. पण घर दोघांच्या नावावर आहे का, तेवढं लिहा. मग पुढचं बोलू.

कुपवाड_एमआयडीसी

मी अशाच, कर्ज लवकर फेडणाऱ्या घरातला मुलगा. आता पस्तिशीचा आहे.

बाबांनी पंधरा वर्षांचं कर्ज सातात फेडलं. खर्च कापून नाही, कारण कापण्यासारखं काही नव्हतंच. ओव्हरटाइम आणि सलग रात्रपाळ्या. लहानपणी ट्रिपा झाल्या नाहीत याचं मला काहीच वाटत नाही, वर्गात कुणाच्याच होत नव्हत्या. मला आठवतं ते दुपारचं घर. बाबा आतल्या खोलीत झोपलेले, खिडकीला जाड चादर लावलेली, टीव्हीचा आवाज बंद करून आम्ही मॅच बघायचो आणि चौकार गेला तरी ओरडायचं नाही. बाहेर कुणी हाक मारली की आई धावत जाऊन "हळू" म्हणायची. वर्षानुवर्षं हे.

म्हणून मला वाटतं, इथं दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. डबा घेऊन कासला जाणारं घर गरीब दिसत असेल, पण बाप बरोबर असतो. जादा कमाईसाठी माणूसच घरातून उठून जातो तेव्हा हिशेब वेगळा. शाहूपुरीकर, तुमच्या चौदा हजारांत ओव्हरटाइम किती?

पुण्यात_सध्या_मूळचा_वाईचा

भावनिक मुद्दे ठीक आहेत, पण मुलगी असेल तर निदान सुकन्या समृद्धी (मुलीच्या नावची सरकारी बचत योजना) तरी भरता की नाही? जानेवारी 2024 पासून 8.2 टक्के आहे आणि तेही करमुक्त. गृहकर्ज आठच्या आत आलं असताना आधी कर्ज फेडणं म्हणजे 8.2 सोडून पावणेआठ पकडणं.

निवृत्त_शाखाधिकारी (कराड)

हे मात्र बरोबर बोललात. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे आणि खातं मुलीच्या वयाच्या दहाव्या वर्षापर्यंतच उघडता येतं. कर्ज पुढच्या वर्षीही फेडता येईल, खात्याचं वय निघून जातं.

आयर्विनखालचा (सांगली)

आणि सहा महिन्यांचा पैसा ठेवायचा कुठं, तेही सांगतो, कारण आमच्याकडं लोक जादा टक्क्यासाठी पतसंस्थेत टाकतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आमच्या भागात अशा ठेवींसाठी हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. अर्धा टक्का कमी मिळाला तरी चालेल, सोमवारी मागितला तर सोमवारी हातात पाहिजे.

शाहूपुरीकर (सातारा)

सगळ्यांचं वाचलं. एकेकाला उत्तर देतो.

मिरजेच्या ताई, घर दोघांच्या नावावर आहे, अर्धं अर्धं. तुमचं उत्तर हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फराळाचं बरोबर आहे, पण त्यांना सांगा कर्जाची घाई माझी होती." ते खरंय. हिच्या माहेरी वडिलांच्या सातबाऱ्यावर गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. तो उतरेना म्हणून दोन्ही आत्यांची लग्नं अडली, हे ती ऐकत मोठी झाली. पहिलं पार्ट पेमेंट हिच्या भिशीच्या पैशातून झालंय. धान्य निवडायला मी बसतो, चकल्या मला जमत नाहीत. भांडीवाल्या मावशी आमच्याकडं आहेत, त्यांना कधीच हात लावला नाही.

कुपवाडकर, ओव्हरटाइम शून्य. मी साडेपाचला घरी असतो. तुम्ही केलेला फरक मला पटला, मेहुण्याला हेच सांगता येत नव्हतं.

सांगलीकर, तुमच्याशी मात्र वाद आहे. सगळा पैसा मोकळा ठेवायचा म्हटला तर तो राहत नाही हो. मुदत ठेव दिसली की भाऊबंदांना ट्रॅक्टरचा हप्ता आठवतो. कर्जात गेलेला पैसा परत मिळत नाही, हाच मला फायदा वाटतो. "भरला बँकेत" म्हटलं की विषय संपतो.

मिरजेची_सून

अर्धं अर्धं असेल तर माझे निम्मे शब्द मागं. निम्मेच. पुढच्या वर्षी कर्ज संपल्यावर ते 36 हजार महिन्याला मोकळे होणार, त्यांचं काय करायचं ते ठरलंय का? आमच्याकडं कर्ज फिटलं आणि लगेच "आता एक गुंठाभर प्लॉट बघू" सुरू झालं. पार्लर अजून बंदच आहे.

निवृत्त_शाखाधिकारी (कराड)

भाऊबंदांपासूनही पैसा लपवायचा आणि पुरातही हाताशी हवा, तर त्याला ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. स्टेट बँकेचं मॅक्सगेन त्यातलंच. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर काढता येतात. दर किंचित जास्त असतो. पण शाहूपुरीकर, तुमचं आता वर्षभरात संपणार, बदलण्यात अर्थ नाही. तुम्ही शेवटच्या टप्प्याकडं लक्ष द्या. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायचा नियम आहे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. नुसत्या ना-देय दाखल्यावर खूश होऊन घरी जाऊ नका. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), पावत्या यादीशी ताडून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडं गहाणाची नोंद झाली असेल तर तीही उतरवून घ्या. पुढं विकायच्या वेळी हीच नोंद आडवी येते.

शाहूपुरीकर (सातारा)

36 हजारांचं अजून बोललो नाही, ताई. हिला बी.एड. करायचंय, ते एक नक्की. बाकीवर घरात भांडण होणार असं दिसतंय. मेहुण्यालाही बोलावतो.

आयर्विनखालचा (सांगली)

भांडण नंतर. घराचा आणि सामानाचा विमा आहे का? कर्ज असेपर्यंत बँकेनं काढलेला असतो तो बहुतेक इमारतीचा, गाद्या-फ्रीजचा नाही. आणि कर्ज संपलं की त्याचं नूतनीकरण कुणीच करत नाही. साताऱ्याला नदी नाही असं सांगू नको, शॉर्ट सर्किट सगळीकडं होतं.