रशला जायचं तर सिगार धरायलाच हवा का?

निशाचर
अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या धाग्यावर काल एकानं पहिल्या वर्षाच्या पोराला सल्ला दिला: "फ्रॅटर्निटी हवी असेल तर रशच्या आठवड्यात हातात सिगार धर. ओढू नकोस हवं तर, पण धर. नाहीतर कुत्रं विचारणार नाही." वाचून डोकं फिरलं. तिथं दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यापीठातल्या मुलांची बंधुसंघटना, आणि रश म्हणजे नवी मुलं निवडण्याआधी तिच्या घरांत होणाऱ्या भेटीगाठी.)

मी २०१६च्या फॉलमध्ये मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात रश केला. दमा लहानपणापासूनचा. पहिल्या रात्री पाच घरं, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. हॉलमध्ये पिझ्झाचे खोके आणि माझ्यासारखी अवघडलेली पोरं. बोलके सीनियर सगळे मागच्या डेकवर, सिगार घेऊन. गेलो. दहा मिनिटांत छातीत शिट्टी वाजायला लागली. पंप काढून दोन पफ घेतले, तर एकजण म्हणाला, "याचा ब्रँड वेगळाय." सगळे हसले, मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या रात्री एका घरात सरळ सांगितलं, "मला धूर सोसत नाही, पुढच्या दारी बोलू या का?" त्या मुलानं सिगार कठड्यावर ठेवला आणि माझ्याबरोबर पायऱ्यांवर येऊन बसला. अर्धा तास बोललो. बिड, म्हणजे सभासद व्हायचं बोलावणं, तिथूनच आलं. जे घर तुमच्यासाठी दहा मिनिटं धुरातून उठत नाही, ते प्लेजिंगमध्ये, म्हणजे नव्या सभासदाच्या उमेदवारीच्या काळात, तुमची काय पत्रास ठेवणार?

झुणकाभाकर
सल्ला माझा होता, तेव्हा उत्तर देणं आलं. तुला एक भला माणूस भेटला. सगळ्यांना भेटत नाही. पूर्वी रशच्या या बैठकींना 'स्मोकर' असंच नाव होतं, काही ठिकाणी अजून आहे. रीत जुनी आहे, तुझ्या-माझ्या चिडण्यानं बदलणार नाही. बिड कुणाला द्यायची हे ठरवताना एकेक नाव घेतात. "हा कोण?" असं दोघांनी विचारलं की ते नाव गेलंच. मी ओढत नव्हतो, पण लायटर बाळगायचो. दर पाच मिनिटांनी कुणीतरी मागायला यायचं आणि बोलणं सुरू व्हायचं.

सुलभा
माझा मुलगा शुक्रवारी पहिल्यांदा रशला जातोय, त्यालाही दमा आहे. परक्याच्या धुराची 'सुरक्षित' अशी काही पातळीच नसते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६च्या अहवालातच सांगितलंय. शिवाय डिसेंबर २०१९ पासून त्या देशात एकवीस वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही. रशला येणारी मुलं अठरा-एकोणीसची. मग त्यांच्या हातात सिगार देतं कोण?

झुणकाभाकर
ताई, तो कायदा विकणाऱ्याला लागतो. सीनियर विकत आणतात, पोरं हातात घेतात. कॅम्पस धूरमुक्त असलं तरी पुष्कळ घरं खासगी जागेवर असतात, तिथं विद्यापीठाचा धूरबंदीचा नियम पोचेलच असं नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच सांगतोय.

रानवारा
मुळात त्या घरांच्या दारात उभं राहायचंच कशाला? आपल्या मुलांनी काढलेल्या फ्रॅटर्निटी आहेत की. सिग्मा बीटा रो १९९६ची, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली. डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ची, ऑस्टिनची. बीटा काय थीटा १९९९ची, लॉस एंजेलिसची. तिथं नाव नीट उच्चारतात आणि शाकाहारी आहे म्हटल्यावर चेहरा पाडत नाहीत.

मुळामुठा
देशी घर म्हणजे धूर नाही, हे कुणी सांगितलं? आमच्याकडच्या एका देशी फ्रॅटच्या रशची दुसरी रात्रच हुक्का लाउंजमध्ये होती. टेबलाभोवती बारा जण आणि एकच नळी फिरत होती. मी नको म्हटलं तर "अरे, हे स्मोकिंग थोडंच आहे, फ्लेवर आहे." तासभराच्या हुक्क्यात एका सिगरेटच्या शंभर ते दोनशेपट धूर आत जातो, असं जागतिक आरोग्य संघटना २००५ पासून सांगतेय. वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. डोकं धरून खोलीवर आलो.

रानवारा
एका रात्रीवरून सगळ्यांना झोडपू नका. माझ्या चॅप्टरमध्ये, म्हणजे देशी फ्रॅटर्निटीच्या आमच्या शाखेत, हुक्का कधीच नव्हता. वडील गेले तेव्हा याच फ्रॅटर्निटीतल्या भावांनी दोन तासांत तिकिटाचे पैसे जमवले आणि पहाटे चारला विमानतळावर सोडलं. आपल्या माणसांत खोट काढायची हौसच असते काही जणांना.

मुळामुठा
हौस? गोऱ्याला "नको" म्हणणं सोपं असतं. आपल्याच मुलाला म्हटलं की "तू लई शाणा" ऐकावं लागतं, आणि तेच चेहरे दिवाळीच्या कार्यक्रमात पुन्हा भेटतात. तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, भावांनी केलं ते मोठंच. पण म्हणून मला त्या टेबलावर जे वाटलं ते खोटं ठरत नाही.

रानवारा
खोटं म्हटलं नाही मी. शब्द जास्त गेला, मागे घेतो. पण देशी घरांना एका मापानं मोजू नका, यावर ठाम आहे.

निशाचर
अहो, धागा धुराचा आहे. देशी असो की गोरं, माझा प्रश्न तोच: न ओढणाऱ्याशी बोलायला कुणी धुराबाहेर येतं का? झुणकाभाकर, लायटर बाळगून तू तरी चार वर्षं काय केलंस?

झुणकाभाकर
खरं सांगायचं तर डेकवरच राहिलो. सेकंड इयरच्या हिवाळ्यात ओढायलाही लागलो, सुटायला सहा वर्षं गेली. हे काल लिहायला हवं होतं. "धर, पण ओढू नकोस" हे वाक्य मागे घेतो. ओळख व्हायला बोलक्या माणसांपर्यंत पोचावं लागतं, हे मात्र मागे घेत नाही.

निशाचर
ते मलाही मान्य. पोचावं आणि बाहेर बोलवावं. सुलभाताई, मुलाला सांगा, वीस मिनिटांतली पहिली पाच वाया घालवू नकोस. आत शिरल्या शिरल्या एकाला गाठून सांग.

सुलभा
सांगते. पंप बॅगेत दिला तर चालेल ना?

निशाचर
बॅगेत नको, बॅगा दाराशी ठेवायला लावतात. जॅकेटातही नको, ते खुर्चीवर राहतं. जीन्सच्या पुढच्या खिशात. आणि निघण्याआधी पंपात किती डोस उरलेत ते बघायला सांगा, माझा त्या रात्री संपत आला होता.