मागच्या हब मोटरमधून खरखर: बेअरिंग बदलायचं की ग्रीस भरून भागेल?

रंकाळा_फेरी: ३६ व्होल्ट, २५० वॅटची इलेक्ट्रिक सायकल आहे. मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसवलेली), डावीकडे डिस्क ब्रेकची चकती, उजवीकडे सात स्पीडचं फ्रीव्हील (चेन बसते तो दातेरी चकत्यांचा संच). पावसाळा संपल्यापासून चाकातून बारीक खरखर येते. मोटर बंद ठेवून उतारावर सोडली तरी येते, पेडल मारतानाही येते, मोटर चालू केली म्हणून वाढत नाही. रिम धरून आडवी हलवली तर किंचित प्ले (ढिलेपणा) लागतो. ॲक्सलचे नट घट्ट आहेत. बेअरिंगचा नंबर कसा ओळखायचा? की साफ करून ग्रीस भरलं तरी चालेल? मोटर घरीच उघडायचा विचार आहे.

उद्यमनगरी: ताई, खरखर कधी येते आणि कधी वाढत नाही हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. गिअरवाल्या मोटरमध्ये वन-वे क्लच (एकाच दिशेने जोर पोचवणारा भाग) असतो. मोटर बंद असली की गिअरवर जोर नसतो आणि बाहेरचं कवच झाकणांच्या बेअरिंगवर फिरतं. म्हणजे नायलॉनचे गिअर यात नाहीत, ते बिघडले असते तर मोटर चालू असतानाच ओरडले असते. पेडल मारताना फ्रीव्हील हबबरोबर एकत्र फिरतं, तरीही आवाज येतोय, म्हणून फ्रीव्हीलही बाद. कवचाचं बेअरिंगच गेलंय.

उघडताना: आधी बॅटरी काढा. मोटरच्या वायरचा कनेक्टर सरळ ओढा, पिळू नका, आतल्या पिना वाकतात. ॲक्सलवरच्या वॉशरचा क्रम आणि दिशा यांचा फोटो काढा. फ्रीव्हील त्याच्या रिमूव्हरने उलटं फिरवून काढा, डिस्कचे स्क्रू टी-२५ चे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) असतात. झाकणाचे स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे सैल करा. मग ॲक्सलच्या टोकावर नट बसवून नायलॉनच्या हातोडीने ठोका, म्हणजे आटे शाबूत राहतात. झाकणाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. ती कड खराब झाली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच शिरतं.

नंबर बेअरिंगच्या सीलवर असतो. पुसला गेला असेल तर व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये घ्या, कारण नुसत्या बाहेरच्या मापाने फसगत होते. ६००३ (१७×३५×१०) आणि ६२०२ (१५×३५×११) ही दोन्ही बेअरिंगं एकाच झाकणात बसतात, पण ॲक्सलवर त्यातलं एकच बसतं. ६००१ (१२×२८×८) आणि ६९०२ (१५×२८×७) यांचंही तसंच. जुनं बेअरिंग बरोबर घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगर नाहीतर लक्ष्मीपुरीत जा आणि २आरएस मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील. झेडझेडला पत्र्याची झाकणं असतात, ती पाणी अडवत नाहीत.

साधा_फिटर: ग्रीसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खरखर सुरू झाली की ग्रीस भरणं म्हणजे आवाज दाबणं. धावेवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) गंजाचे खड्डे पडलेले असतात, ते ग्रीसने बुजत नाहीत. बेअरिंग हातात धरून आतली रिंग बोटाने फिरवा, कुठंही अडकल्यासारखं लागलं तर फेकून द्या.

हां, गुळगुळीत फिरत असेल आणि ग्रीस नुसतं सुकलं असेल तर गोष्ट वेगळी. पातळ ब्लेडने सील आतल्या कडेने उचला, रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि एनएलजीआय २ चं (घट्टपणाचा क्रमांक) लिथियम ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरा. गच्च भरलं तर तापतं आणि सीलखालून बाहेर येतं. नायलॉनच्या दात्यांना पातळ थर पुरे. वन-वे क्लचमध्ये मात्र घट्ट ग्रीस कोंबू नका. रोलर चिकटतात, मग मोटर नुसती गरगरते आणि चाक जागेवरच राहतं.

उद्यमनगरी: साधा_फिटर भाऊंचं बरोबर आहे. नवं बेअरिंग बसवतानाच जास्त जण चुकतात, ते थोडं सांगतो. झाकणात बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, ॲक्सलवर बसवताना फक्त आतल्या रिंगवर. उलट केलं तर धक्का गोळ्यांमधून जातो, धावेवर ठसे उमटतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. बाहेरच्या रिंगपेक्षा किंचित लहान पाना-सॉकेट घ्या आणि व्हाइसमध्ये हळू दाबा. अॅल्युमिनियमचं झाकण हॉट एअरने ८० अंशांच्या आसपास तापवलं तर बेअरिंग जवळपास हातानेच बसतं. झाकणातली जागा झिजून बेअरिंग सैल बसत असेल तर रिटेनिंग कंपाऊंड (सैल बेअरिंग धरून ठेवणारा गोंद) लावा. पंचने टोचे मारून घट्ट करू नका, रिंग वाकडी होते.

रंकाळा_फेरी: वायरच्या बाजूचं बेअरिंग कनेक्टरवरून निघेल का?

साधा_फिटर: भोक मोठं असेल तर निघतं, त्यामुळे आधी कनेक्टरची जाडी मोजा. बसत नसेल तर कनेक्टर कापून पुन्हा सोल्डर करावा लागतो. नऊ पिनांत तीन जाड फेजच्या, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या (पिवळी, हिरवी, निळी), पाच बारीक हॉल सेन्सरच्या (मोटरची स्थिती कळवणाऱ्या) आणि एक स्पीडची. जाड पिवळी आणि बारीक पिवळी यांची गल्लत करू नका. प्रत्येक जोडावर वेगळी श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला.

परत बसवताना टॉर्क वॉशरचा (ॲक्सल फिरू न देणाऱ्या वॉशरचा) दात ड्रॉपआउटच्या, म्हणजे फ्रेममधल्या ॲक्सलच्या खाचेत गेलाच पाहिजे, नाहीतर ॲक्सल गरकन फिरून वायर पिळून तोडतो. नट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास, कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच घ्या. वायर ॲक्सलमधून निघाल्यावर आधी खाली लोंबून मग वर जाऊ द्या, पाणी त्या वळणावरून गळून जातं. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पाण्याचा फवारा हबवर मारू देऊ नका. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आल्यावर चाक ॲक्सलपर्यंत बुडालं असेल, तर आवाजाची वाट न बघता त्याच आठवड्यात झाकण उघडून वाळवा.