मदत हवी आहे: मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या चालणार असतील तर ९ एमएम घ्यावं की पॉइंट ४५? (न्यू जर्सी)

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, त्यामुळे शीर्षक वाचून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. घरात पिस्तूल असावं की नसावं हा वाद कृपया इथे नको. तो आमच्या घरी दीड वर्ष घालून झालाय आणि निकालही लागलाय. (पिस्तुलाच्या आधी तिजोरी आली, भिंतीत बोल्टने आवळून. मुलगी नऊ वर्षांची आहे.)

आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही आता इथले नागरिक आहोत. गावच्या पोलिसांकडचे सगळे सोपस्कार, बोटांचे ठसे वगैरे होऊन माझं ओळखपत्र आणि एक हँडगन विकत घेण्याचा परवाना हातात आलाय. परवाना ९० दिवसांचा. त्यातले ५५ दिवस "कुठलं घ्यायचं" यातच गेले.

माझे दीर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहतात. त्यांच्याकडे ग्लॉक १९ हे ९ एमएमचं पिस्तूल आहे. तिथे मॅगझिनवर (मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी) मर्यादा नाही, म्हणून कंपनी देते तेच १५ गोळ्यांचं मॅगझिन. दोन उन्हाळे त्यांच्याबरोबर रेंजवर जाऊन मी त्यावरच शिकले. आमच्या बाजूला आधी १५ ची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये १० वर आणली. म्हणजे तेच पिस्तूल, तीच मूठ, फक्त आत पाच गोळ्या कमी.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण दुकानातल्या काउंटरवरच्या गृहस्थांनी घोळ घातला. ते म्हणाले, आकडा दहावरच अडणार असेल तर दहा लहान गोळ्या कशाला घेतेस, मोठ्या घे. असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पॉइंट ४५ चं, स्टीलचं, १९११ नावाचं पिस्तूल ठेवलं. वरवंटा उचलल्यासारखं वाटलं. आत गोळ्या किती विचारलं तर म्हणे आठ! दहातल्याही दोन गेल्याच की.

शेजारी ९ एमएमचंच ग्लॉक ४३ एक्स होतं. बारीक, हलकं, आणि त्याचं मॅगझिन मुळातच दहाचं. आता मी तिन्हींत लटकलेय. पाच गोळ्यांची जागा वाया जाणार असेल तर १९ ची जाड मूठ कशाला बाळगायची? आणि मर्यादा असेल तर कॅलिबर (गोळीची जाडी) मोठं घ्यावं, या म्हणण्यात तथ्य आहे की नुसती काउंटरवरची बडबड?

दीर म्हणतात, "माझी दोन मॅगझिन घेऊन जा, कोण बघतंय." हेही जमेल का सांगा.

डेलावेअरकाठ

शेवटचं आधी. अजिबात नाही! दिरांना प्रेमाने नाही म्हणा. आपल्या राज्यात १५ चं रिकामं मॅगझिन नुसतं जवळ असणं हाच गुन्हा आहे, पिस्तूल बरोबर असायची गरज नाही. चौथ्या श्रेणीचा गुन्हा, १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुलाच्या त्या टोकाला जी वस्तू रांगेने टांगून विकतात, ती या टोकाला तुम्हाला कोर्टात नेते.

मर्यादा मॅगझिनवर आहे. नळीत चढवलेली गोळी त्यात धरत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. हे घरात राहणार आहे की अंगावर बाळगणार आहात? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर आपल्याकडेही बाळगण्याचे परवाने मिळू लागलेत, म्हणून विचारतोय. उत्तर यावरच अवलंबून आहे.

गवतीचहा

घरातच. अंगावर बाळगायचा विचार नाही. घर ते रेंज, रेंज ते घर.

डेलावेअरकाठ

मग ४३ एक्स यादीतून काढा. ते पिस्तूल लपवण्यासाठी बारीक केलंय. तिजोरीतल्या पिस्तुलाला बारीक कंबर काय करायची?

मूठ "वाया" जाते हे डोक्यातून काढा. दहाचं मॅगझिन बाहेरून १५ च्या एवढंच असतं, आतली जागा कमी केलेली असते. मूठ भरीव राहते, तीन बोटं नीट बसतात, आणि वजनामुळे झटका कमी लागतो. रिकामं मॅगझिन धरून १९ साधारण ६७० ग्रॅम, ४३ एक्स ५३० च्या आसपास. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पन्नास गोळ्या झाडल्यावर तळहाताला विचारा.

बारक्या पिस्तुलांबद्दल एक गोष्ट मात्र खरी. अंगावर बाळगणाऱ्यांसाठी या मर्यादेने गणित पार फिरवलं. पूर्वी बारीक ९ एमएम म्हणजे सहा-सात-आठ गोळ्या, जास्त हव्यात तर जाड पिस्तूल. २०१८ च्या सुरुवातीला सिग पी३६५ आलं, तळहाताएवढं, पण दहाचं. त्याच वर्षी इथे मर्यादा दहावर आली. मग लोक म्हणू लागले, मोठ्यातही दहाच आणि लहानातही दहाच, तर मोठं वागवायचं कशाला? मोठ्याचा एक फायदा कायद्यानेच काढून घेतला. पण तो त्यांचा प्रश्न, तुमचा नव्हे.

फॉर्टीफाइव्ह_भक्त

काउंटरवाल्याला इतकं उडवून लावू नका हो. त्याच्या बोलण्यात तर्क आहे. मोठ्या कॅलिबरविरुद्धचा नेहमीचा मुद्दा काय? गोळ्या कमी बसतात. ग्लॉक १९ मध्ये १५, त्याच मापाच्या पॉइंट ४० च्या ग्लॉक २३ मध्ये १३. पण वर दहाचं झाकण बसलं की दोन्हीकडे दहाच. म्हणजे मोठ्या गोळीची जी किंमत मोजावी लागायची, ती न्यू जर्सीत मोजावीच लागत नाही. पॉइंट ४५ मध्येही ग्लॉक ३० आहे, दहाचं.

९ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, ४५ ची जवळजवळ १५. भोकाचा व्यास ९ विरुद्ध ११.४३ मिलिमीटर. कागदावरसुद्धा डोळ्यांना कळतो.

जुनाखोड

हे सगळं आम्ही एकदा पाहून झालंय. १९९४ ते २००४ संपूर्ण अमेरिकेतच नव्या मॅगझिनना दहाची मर्यादा होती. मी तेव्हा नुकताच आलो होतो. बंदीआधी बनलेली मॅगझिन कायदेशीर होती, त्यामुळे जुन्या, ओरखडे पडलेल्या मॅगझिनला सोन्याचा भाव. लोक पिस्तुलाआधी "जुनी मॅगझिन किती देणार?" असं विचारायचे. १९९५ मध्ये ग्लॉकने २६ काढलं, आखूड, गुबगुबीत, बरोब्बर दहाचं. आणि दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी हेच वाक्य, दहाच मिळणार तर दहा मोठ्या घेऊ.

पण त्या वाक्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत दोन एजंट गेल्यावर एफबीआय ९ एमएमवर नाराज झाली, त्यातून १० एमएम आणि मग १९९० मध्ये पॉइंट ४० आलं. पोलीस खात्यांनी भराभर घेतलं. आणि २०१४-१६ च्या सुमारास तीच एफबीआय ९ एमएमवर परतली. गोळ्या सुधारल्या होत्या हे एक, आणि ९ एमएमने बहुतेकांचा नेम जास्त बसतो, तोही जास्त वेगाने, हे दुसरं.

मर्यादा दहाची असेल तर माझ्या मते उलटाच हिशेब करावा. मोजक्याच गोळ्या आहेत, तर एकही वाया जाता कामा नये. जिने तुमचा नेम बसतो ती गोळी मोठी.

डेलावेअरकाठ

@फॉर्टीफाइव्ह_भक्त, आपल्या राज्याची एक मेख तुम्ही सोडलीत. इथे पोकळ टोकाच्या गोळ्या घरात आणि रेंजवर चालतात, पण अंगावर बाळगताना चालत नाहीत. त्यामुळे बाळगणारे पोकळीत प्लास्टिक भरलेल्या गोळ्या वापरतात, राज्य पोलिसांनी त्यांना हरकत घेतलेली नाही. आता कुणी साध्या घट्ट टोकाच्याच गोळ्या वापरणार असेल तर तुमच्या ११.४३ ला वजन येतं, कारण ती गोळी फुलत नाही, जेवढी आहे तेवढंच भोक. पण गवतीचहा ताईंचं पिस्तूल घरात राहणार. घरात पोकळ टोकाची ९ एमएम कायदेशीर आहे, आणि ती आत गेल्यावर फुलते. म्हणजे त्यांच्यापुरता तुमचा हुकमाचा एक्का गेला.

शिवाय सरावाचं काय? ४५ ची पेटी दरवेळी ९ एमएमपेक्षा बरीच महाग पडते. महाग पडलं की माणूस रेंजवर जात नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

सॅनहोजेकर

तुमच्याकडे निदान नवी पिढी मिळते. आमच्या कॅलिफोर्नियात २००० पासून दहाची मर्यादा, वर राज्याची मंजूर हँडगनची यादी. यादीत नसेल तर दुकानातून मिळत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही तिसऱ्या पिढीचंच ग्लॉक १९ घेत आलो, बाकी जग पाचवीत गेलं तरी. २०१९ मध्ये एका न्यायाधीशांनी मर्यादाच रद्द ठरवली तेव्हा आठवडाभर जी झुंबड उडाली होती! मग स्थगिती आली आणि दारं बंद.

गंमत बघा, कोलोरॅडोत मर्यादा १५ ची, म्हणजे ग्लॉक १९ जसंच्या तसं. डेलावेअरात १७ ची, म्हणजे ग्लॉक १७ पण जसंच्या तसं. ज्या आकड्यावर कायदा थांबतो, त्या मापाचं पिस्तूल खपतं.

पन्हाळ्याखाली

अवांतर: भारतात याच्या नेमकं उलटं. सामान्य माणसाला ९ एमएम आणि पॉइंट ४५ दोन्ही निषिद्ध बोअर (मनाई असलेली मापं). म्हणून ज्याच्या त्याच्याकडे पॉइंट ३२. आमच्या थोरल्या काकांचं सहा गोळ्यांचं कानपुरी रिव्हॉल्व्हर निवडणूक आली की ठाण्यात जमा. तीस वर्षांत ते घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहिलं असेल. काकू म्हणायच्या, माहेरवाशीण आहे, सारखी जाते.

हवालदिल

मी एच-१बी वर आहे. मला घेता येईल का?

डेलावेअरकाठ

@हवालदिल, सर्वसाधारणपणे नाही. केंद्रीय कायद्यात शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय बोटही लावू नका, स्टेटसचा प्रश्न आहे. ग्रीन कार्ड आलं की गोष्ट वेगळी.

गवतीचहा ताई, शनिवारी भाड्याने पिस्तुलं मिळतील अशा रेंजवर जा. तिन्ही घ्या, प्रत्येकाच्या वीस गोळ्या. सात यार्डांवर कागदी थाळी लावा. आमच्या मतांपेक्षा ती थाळी खरं बोलते.

गवतीचहा

मंडळी, जाऊन आले. नवरा थाळ्या मोजायला होता.

१९: वीसपैकी अठरा थाळीत. एक तापलेलं पुंगळं उडून शर्टाच्या गळ्यात गेलं. पिस्तूल आधी खाली ठेवलं, मग नाचले. (बंद गळ्याचा टीशर्ट घाला, हे कुणी सांगितलं का नाही?)

४३ एक्स: पंधरा. दुसऱ्या मॅगझिनला अंगठ्याच्या बेचक्यात चुरचुरायला लागलं.

१९११ चं ४५: नऊ. खरं सांगायचं तर पहिल्या चार छान गेल्या. चाप इतका हलका आणि गोड की दुकानवाल्याला मनात माफ केलं. मग हात झटक्याची वाट बघायला लागला, आणि चाप ओढायच्या आधीच मनगट खाली. उरलेल्या बहुतेक थाळीखाली. नवरा म्हणाला, तू डोळे मिटतेयस. मिटत होतेच.

तेव्हा १९ च घेतेय, दहाच्या तीन मॅगझिनसह. पाच गोळ्यांची हळहळ वाटतेच, नाही असं नाही. दिरांना फोन केला, ते म्हणाले, "मग इकडे येशील तेव्हा माझं वापर." ते चालेल.

एक शेवटचं विचारते. भाड्याच्या मॅगझिनमध्ये दहाही गोळ्या सहज गेल्या, पण दुकानातल्या कोऱ्या मॅगझिनमध्ये नमुन्याच्या गोळ्या भरून पाहिल्या तर नववीलाच अंगठा टेकला. दहावी जाईचना. नखाखाली अजून काळंनिळं आहे. मॅगझिन सदोष आहे का?

जुनाखोड

सदोष नाही. स्प्रिंग नवी आहे. पहिल्यांदा भरून आठवडाभर तसंच तिजोरीत ठेवा, मग अंगठ्याशी भांडायचं नाही ते. आणि प्लास्टिकचा लोडर मिळतो, मॅगझिनच्या तोंडावर बसवून दाबायचा. माझ्या बायकोने माझ्याआधी घेतला होता.